मामांची मेजवानी

झुरळ पिठावरून चाललं. लपतछपत नाही आणि घाईतही नाही. टेबलावर पसरलेल्या मैद्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक पावलं उमटवत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, कडेला जरा थांबलं, मिशा हलवल्या आणि फळीखाली उतरलं. टेबलाच्या पलीकडे आरोग्य खात्याच्या तपासनीस बाई उभ्या होत्या. अलीकडे बेकरीची मालकीण ताई होती. मध्ये तिचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा, उभे होते आणि त्यांचा धंदा झुरळं मारण्याचा होता.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं.

खरं तर हा प्रश्न नव्हता. तरी ते म्हणाले, "वाट चुकलेलं असेल. बाहेरचं."

"बाहेरचं असतं तर बिचकत गेलं असतं," बाई म्हणाल्या. "हे घरचं वाटलं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मालकिणीकडे वळल्या. "पुढच्या गुरुवारी सकाळी परत येते. एक जरी जिवंत दिसलं तरी त्याच दिवशी शटर खाली. मग ते वर कधी जाईल, ते माझ्या हातात नाही."

बाई गेल्या. भट्टीतल्या पावांचा वास सगळीकडे भरून राहिला होता. एरवी त्या वासात कुणाला राग येणं कठीण. ताईला आला.

"बारा वर्षं," ती म्हणाली. "बारा वर्षं तू मला सांगतोयस, ताई, तू फक्त पाव भाज, झुरळांचं माझ्यावर सोड. सोडलं मी. बघ, आता ती टेबलावर फिरायला निघाली."

"ताई, गुरुवारच्या आत एक ठेवत नाही."

"माझे मिस्टर गेले तेव्हा ही भट्टी पेटती ठेवली मी. ती झुरळासाठी विझली तर तुझं तोंड बघणार नाही."

भट्टीवाले काका लांब दांड्याच्या फळीने पाव बाहेर ओढत होते. ते मान न वळवता म्हणाले, "तोंड बघायचं नसेल तर मिशा तरी बघा. झुरळाच्या आणि मामांच्या, कुणाच्या जास्त पडल्यात ते कळेल."

मामा हे मुळात एकाच मुलीचे मामा. ताईची लेक लहानपणी गल्ल्याशेजारी स्टुलावर बसायची आणि यांची स्कूटर दिसली की "मामा आला" म्हणून ओरडायची. ओरडणं इतकं खणखणीत होतं की आधी काकांनी, मग शेजाऱ्यांनी आणि शेवटी सगळ्या रस्त्याने ते नातं उचललं. आता त्यांच्याहून वयाने मोठे दुकानदारही त्यांना मामाच म्हणत. स्कूटरच्या मागे त्यांची लाकडी पेटी होती आणि पेटीवर लाल रंगात लिहिलं होतं: एकही उरणार नाही.

धूर, फवारे, तोंडाला फडकी असला प्रकार मामांकडे नव्हता. त्यांचं औषध जाड पिचकारीत भरलेलं असे. फ्रिजच्या रबरामागे, कपाटाच्या बिजागरीत, फळीच्या सांध्यात ते त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवत. याला ते मेजवानी म्हणत. औषधाची पूड बिनचवीची. चव यायची ती ताईच्या बेकरीतून. आयसिंग मऊ राहावं म्हणून तिच्याकडे ग्लुकोजचा घट्ट पाक डब्याने येई. डब्याच्या तळाशी चिकटून राहिलेला पाक ती भावासाठी बाजूला काढून ठेवी. मामा त्यात पूड घोटत. झुरळ यायचं, पोटभर खायचं, बिळात जाऊन मरायचं. बाकीची त्याला खायची, ती पण मरायची. एका पाहुण्याच्या जेवणात सगळं खानदान आटपायचं.

बारा वर्षांत मामांनी त्या मिश्रणाला हात लावला नव्हता. "जमलेल्या भाजीत पुन्हा मीठ घालू नये," असं ते म्हणत आणि समोरचा माणूस विचारत नसला तरी म्हणत.

त्या दुपारी त्यांनी बेकरीत दुप्पट ठिपके ठेवले. शनिवारी येऊन पाहिलं तर सगळे जागच्या जागी, वर पिठाची बारीक धूळ बसलेली. एकाही ठिपक्याला तोंड लागलेलं नव्हतं. मामा गुडघ्यांवर बसून त्या ठिपक्यांकडे पाहत राहिले. चार माणसांना जेवायला बोलवावं, पानं वाढावीत आणि दारात कुणी येऊ नये, तसा त्यांचा चेहरा झाला.

"पूड भेसळीची आहे," ते उठत म्हणाले.

पूड विकणारा म्हातारा गावाच्या दुसऱ्या टोकाला, खिळे-कुलपांच्या दुकानात बसत असे. त्याने मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मामा, याच डब्यातली पूड आणखी पाच जण नेतात. त्यांची झुरळं व्यवस्थित मरतात. तुमची मरत नसतील तर तुमच्या स्वयंपाकात खोट आहे."

"माझ्या स्वयंपाकात?"

"तुम्हीच मेजवानी म्हणता ना? मग आचाऱ्याचं नाव निघणारच."

मामा तडक शिंप्याकडे गेले. हे गिऱ्हाईक नवं होतं, गेल्याच आठवड्यात लागलेलं. तिथे त्यांनी तीच पूड, तोच पाक, तीच पिचकारी वापरली होती. शिंप्याने शिलाई मशीन थांबवून सुपडी पुढे केली. तिच्यात झुरळांचा छोटा ढीग होता.

"मामा, जादू आहे तुमच्या हातात," शिंपी म्हणाला. "कपाटाखालून अजून निघतायत."

एरवी एवढ्या कौतुकावर मामांनी चहा घेतला असता. आज त्यांना बसवेना. औषध तेच, हात तोच. इथे मरतात आणि ताईकडे नाही. म्हणजे खोट पुडीत नव्हती, पाकात नव्हती आणि आचाऱ्यातही नव्हती. खोट पाहुण्यांत होती.

सोमवारी बेकरीला सुट्टी. भट्टी मंद, शटर अर्धं. मामा सकाळीच आले. टॉर्चच्या काचेवर त्यांनी भेटवस्तू गुंडाळायचा लाल पारदर्शक कागद रबराने बांधला होता. झुरळाला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. दार ओढून घेतलं की भरदिवसा अंधार. त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मेजवानीचा ठिपका ठेवला, पुठ्ठा रॅकखाली सरकवला आणि फरशीवर पालथे पडले.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं.

"मामा, काय हरवलं?"

ती भाची होती. वय तेवीस, बेकरीचा गल्ला आणि गिऱ्हाइकं दोन्ही तीच सांभाळे. घरात तिला खारट म्हणत. तान्ही असताना तिच्या जिभेला साखरपाण्याचं बोट लावलं, तर तिने असा चेहरा केला की जमलेल्या बायका हसून बेजार झाल्या. तो चेहरा पुढे गेलाच नाही. बेकरीवाल्याच्या पोटी जन्मून तिने कधी केकचा तुकडा तोंडात घेतला नाही. वाढदिवसाला तिच्यापुढे मीठ लावलेला पाव ठेवत आणि मेणबत्ती त्यात खोचत.

"अब्रू हरवली," मामा म्हणाले. "दार लाव आणि झोप इथे. आवाज नको."

भाची त्यांच्याशेजारी पालथी पडली. दोघांच्या हनुवट्या फरशीला टेकल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग रॅकच्या सांध्यातून एक झुरळ आलं. मिशांनी चाचपत पुठ्ठ्यावर चढलं, ठिपक्यापाशी थांबलं, तोंड लावलं.

"खा, बाळा," मामा कुजबुजले.

झुरळाने झटक्यात तोंड मागे घेतलं. दोन पावलं उलटं सरकलं, पुढचे पाय तोंडावरून पुन्हा पुन्हा फिरवले, कडू औषध चाटवलेल्या पोरासारखं. मग ठिपक्याला लांबून वळसा घालून ते रॅकच्या मागे, भिंतीकडे निघालं. मामांनी टॉर्च त्याच्यामागे वळवला. भिंतीलगत एक ब्रश पडला होता. पावांवर अंड्याचा हात फिरवतात, तो. त्याच्या केसांत सुकलेल्या अंड्यावर सात-आठ झुरळं आधीच बसली होती. हे नववं त्यांच्यात जाऊन बसलं.

"शिकली," मामा हताशपणे म्हणाले. "बारा वर्षं मी मारतोय, बारा वर्षं ती बघतायत. आईबापांनी पोरांना सांगितलं असणार, त्या मिशाळाने वाढलेलं खाऊ नका."

भाची त्या पुठ्ठ्याकडे पाहत होती. एकाएकी ती हसू लागली. हनुवटी फरशीवर असल्यामुळे हसणं विचित्र घुमलं आणि झुरळं पांगली.

"काय झालं?"

"मामा, त्याचा चेहरा बघितलास? तो माझा चेहरा आहे."

"काहीतरी बोलू नकोस."

"अरे, खरंच! मी झुरळ असते ना, तर तुझ्या हातून मेले नसते. बारा वर्षं तू ग्लुकोज ठेवलंस आणि मी बारा वर्षं त्याला नाक मुरडलं असतं."

मामा उठून बसले. पाठीत कळ आली, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"थांब. पुन्हा सांग."

आवाज ऐकून ताई दार उघडून उभी राहिली. मागे काका होते. सुट्टीच्या दिवशीही ते भट्टीला भेटून जात, काहीजण म्हशीला भेटतात तसे. भाचीने कपड्यांवरचं पीठ झटकलं.

"हे बघ. आपल्या घरात गोड न आवडणारी मी एकटीच. कुणी शिकवलं मला? कुणी नाही. उलट तुम्ही सगळ्यांनी शिकवायचा प्रयत्न केलात, आजीने तर नाक धरून शिरा कोंबला. मी अशीच आले. आता समजा, आपल्या घरात कुणीतरी गोडातून विष घातलं—"

"अगं, जीभ आवर!" ताई म्हणाली.

"समजा म्हटलं, आई. तू गेलीस, मामा गेला, आजी गेली—"

"मी राहिलो का?" काकांनी विचारलं.

"काका, तुम्ही चहात चार चमचे घालता. तुम्ही पहिले."

"मग ठीक. एकट्याने काय करायचं राहून."

"उरलं कोण? मी. मग माझी पोरं होणार. सगळी नाही, पण बरीचशी माझ्यासारखी. त्यांच्यापुढे परत गोड विष. जी गोड खाणारी, ती गेली. न खाणाऱ्यांची पुन्हा पोरं. असं काही पिढ्या चाललं की हे घर खारटांनी भरून जाईल. मग बाहेरचा कुणी येऊन म्हणेल, काय हुशार घराणं, विष ओळखायला शिकलं! शिकलं कुणीच नाही. शिकणारं उरलंच नव्हतं."

मामा पुठ्ठ्यावरच्या ठिपक्याकडे पाहत होते. त्यांना बेकरीतलं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा ग्लुकोजच्या डब्यावर जरा ओघळ राहिला तर सकाळी त्याच्याभोवती झुरळांचं कडं बसलेलं असायचं. गेली दोन-तीन वर्षं तिथे एक फिरकत नव्हतं आणि याला ते आपली दहशत समजत होते.

"माणसाच्या पिढीला पंचवीस वर्षं लागतात," ते सावकाश म्हणाले. "यांना तीन महिने पुरतात."

"म्हणजे बारा वर्षांत किती पणजोबा झाले बघ."

"पहिल्या वर्षी हजार झुरळं असतील, तर त्यात तुझ्यासारखं एखादंच असेल. मी नऊशे नव्व्याण्णव मारली आणि पेटीवर लिहिलं, एकही उरणार नाही." मामांनी कपाळावर हात मारला. "आणि शिंप्याकडची अजून साधी-सरळ आहेत. त्यांना मी भेटलोच गेल्या आठवड्यात. ताई, बारा वर्षं मी झुरळं मारत नव्हतो गं. निवडत होतो. तांदूळ निवडावेत तशी. गोडघाशी काढून टाकली आणि ही जात तुझ्या पदरात घातली."

ताईची नजर रॅकखाली गेली होती. ती वाकली आणि ब्रश बाहेर ओढला.

"हा ब्रश मी पंधरा दिवस शोधतेय!"

"मामांनी तुमच्या पदरात जात घातली, तुम्ही तिला जेवण घातलंत," काका म्हणाले. "हिशेब मिटला. आता गुरुवारचं बोला."

गुरुवारचं उत्तर ब्रशवरच होतं. मामांनी पेटी आत आणली. ताईने अंडी उकडली, पिवळं बाजूला काढलं, त्यात लोणी घातलं. मामांनी पूड टाकून घोटायला घेतलं आणि ते मध्येच थांबले. बारा वर्षांची पाककृती मोडताना माणसाला काहीतरी होतंच.

"चिमूटभर ग्लुकोज टाकू का? चवीपुरतं?"

"मामा!" तिघांनी एकदम म्हटलं.

"बरं, बरं. नाही टाकत."

भाचीने वाटीत डोकावून वास घेतला. "मीठ कमी वाटतंय."

"तुला वाढायचं नाहीये."

"माझ्या नातेवाइकांना तर वाढायचंय."

जुने ठिपके त्यांनी खरवडून काढले, जागा गरम पाण्याने पुसल्या आणि पिवळे ठिपके ठेवले. बिजागरीत, रबरामागे, रॅकच्या प्रत्येक सांध्यात. मग कोठीचं दार ओढून मामा-भाची पुन्हा पालथी पडली. या वेळी ताईही पडली, गुडघे कुरकुरत. काकांनी उभं राहणं पसंत केलं. "एवढ्या खाली गेलो तर उठवायला क्रेन लागेल," ते म्हणाले.

पहिलं झुरळ आलं. मिशांनी चाचपलं. तोंड लावलं. झुरळाने तोंड मागे घेतलं नाही. ते खात राहिलं आणि त्याच्या शेजारी दुसरं येऊन बसलं, मग तिसरं.

"जेवतायत गं," मामा म्हणाले. ताईने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ती मऊ नव्हती.

मंगळवारी सकाळी काकांनी सुपडी भरली. बुधवारी दोनदा भरली. प्रत्येक वेळी ती गल्ल्यापाशी आणून ते भाचीला म्हणत, "आपल्याकडचे आणखी गेले." ती म्हणे, "दुःख झालं," आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देई. बुधवारी संध्याकाळी रॅक बाहेर ओढून कोठी धुतली. मामा स्वतः फरशी घासत होते आणि कुणी थांबवलंही नाही.

गुरुवारी तपासनीस बाई उजाडताच आल्या. त्यांच्याकडे स्वतःचा टॉर्च होता आणि त्याला लाल कागद वगैरे काही नव्हता. त्यांनी मैद्याची पोती हलवली, फळ्यांखाली पाहिलं, डब्यांची झाकणं उघडली, भट्टीच्या बाजूच्या फटीत उजेड टाकला. मामा त्यांच्यामागे दोन पावलांवर होते. ताई टेबलाला धरून उभी होती. फ्रिज पुढे ओढला, तेव्हा बाई थांबल्या.

मागे, अगदी कोपऱ्यात, एक झुरळ होतं.

पाय वर करून पडलं होतं. बाई वाकल्या. त्यांनी पेनाच्या टोकाने त्याला ढोसलं. ते जरासं फिरलं आणि तसंच राहिलं. बाईंनी पुन्हा ढोसलं. मामांच्या मनात आलं, हललास तर बघ. मेलेल्याला धमकी देण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. झुरळाने मात्र शेवटपर्यंत साथ दिली.

"मेलेलं आहे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही जिवंत म्हणाला होतात," ताई घाईने म्हणाली.

"माझ्या लक्षात आहे मी काय म्हणाले ते." त्या उठल्या. त्यांनी एकदा त्या टेबलाकडे पाहिलं. मैद्याचा थर कोरा होता. "चालू राहू दे बेकरी. फ्रिजमागे झाडत जा."

ताई खुर्चीवर बसली. मग एकदम उठली, काचेच्या कपाटातून आयसिंग केलेला सगळ्यात मोठा केकचा तुकडा बशीत काढला आणि बाईंच्या पुढे धरला.

"नको, नको," बाई म्हणाल्या.

"कर्तव्य बाजूला राहू द्या. काम झालं ना आता?"

"तसं नाही हो. नियम आहेच, पण मला मुळात गोड आवडत नाही. लहानपणापासूनच. तोंडात घेतलं की नकोसं होतं."

काकांनी तोंड भट्टीकडे फिरवलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. भाची गल्ल्यामागून बाहेर आली, बाईंकडे नीट पाहिलं आणि लांबची मावशी सापडावी तसं हसली.

"मामा," ती म्हणाली, "बघ, आणखी एक निघालं."

"बाई," मामा गंभीरपणे म्हणाले, "तुम्हीही वाचला असतात."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. भाचीने मीठ लावलेला पाव पुढे केला; तो मात्र नियमाप्रमाणे त्यांनी पैसे देऊन विकत घेतला आणि पिशवीत घालून नेला.

त्या गेल्यावर मामांनी पेटी स्कूटरवर चढवली. भाची दारापर्यंत आली.

"आता अंडंच अंडं बारा वर्षं चालवू नकोस," ती म्हणाली. "त्यांच्यातही कुणीतरी असेलच अंड्याला नाक मुरडणारं. कपाटामागे बसून वाट बघत असेल."

"माहीत आहे. दर तीन महिन्यांनी बेत बदलायचा. आणि तो तू ठरवायचास."

"मी का?"

"घरात वेगळ्या तोंडाचं माणूस एकच आहे. त्याला विचारायला बारा वर्षं लागली, एवढंच."

त्यांनी स्कूटर सुरू केली. पेटीवरच्या लाल अक्षरांकडे त्यांची नजर गेली. भाचीचीही गेली. आता ती खोटी आहेत, हे दोघांनाही माहीत होतं. पण मामांनी ती बदलली नाहीत. "एखादं उरतंच" हे कितीही खरं असलं, तरी ते पेटीवर लिहून धंदा होत नाही.